तळघरातली वही

माळा आवरायला काढला की आपल्यापैकी प्रत्येकीच्या हाताला एक तरी अशी वस्तू लागते, जी टाकवत नाही आणि ठेवायची कशाला हेही कळत नाही. मुलाने पुठ्ठ्यावर हाताने काढलेला व्यापारचा पट, दिरांच्या कॉलेजातल्या नाटकाची वही, असं काहीतरी. आपण धूळ झटकतो आणि पुन्हा आत सारतो. आज अशाच एका वहीची हकीकत सांगणार आहे. वही अमेरिकेतली आहे, पण ती दुरुस्त करताना जे शिकायला मिळालं ते आपल्या माळ्यावरही उपयोगी पडेल.

गेल्या वर्षी मी दोन महिने माझ्या नणंदेकडे राहून आले. वन्सं १९७२ पासून विस्कॉन्सिन राज्यात, मिलवॉकी शहराजवळ राहतात. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून मोठं घर विकून लहान जागेत जायचं ठरलं आणि आवराआवरीला मी गेले. तळघरात त्यांच्या लग्नातली लोखंडी ट्रंक होती. तिच्यात साड्या, आणि सगळ्यात खाली एका जुन्या साडीच्या घडीत गुंडाळलेली चौकटीच्या कागदांची वही. ती दिसताच वन्सं मटकन खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "वहिनी, ही वही मी १९८५ साली कचऱ्यात टाकली असं सगळ्यांना माहीत आहे."

वही होती माझ्या भाच्याची. तो आता पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ आहे, तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होता. आणि वहीत होता एक खेळ.

हा खेळ कसा, ते आधी सांगते. नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', म्हणजे भुयारं आणि अग्निसर्प म्हणा ना! गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी रचलेला हा खेळ १९७४ साली छापून निघाला. पहिल्या खेपेला जेमतेम हजार प्रती. गायगॅक्स राहायचे ते लेक जिनिव्हा गाव वन्संच्या घरापासून गाडीने तासाभरावर. यात सोंगट्या घरोघर सरकवायच्या नसतात. टेबलाभोवती चारपाच जण बसतात. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातलं एकेक पात्र होतात. "समोर दार आहे, काय करता?" असं त्याने विचारायचं. "मी कान लावून ऐकते," असं कुणी म्हणायचं. ते जमलं की नाही हे फासे ठरवणार. फासेही चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचे. भाच्याच्या लाल खोक्यात फाशांबरोबर मेणाचा खडू आला होता. आकड्यांच्या खाचांत तो घासायचा, मगच आकडे दिसायचे.

छापील पुस्तकात मुख्यतः नियम असतात. किल्ला कुठला, भुयारात काय, राक्षस कोण, हे ज्याने त्याने घरी रचायचं. त्यामुळे त्या काळच्या अमेरिकेतल्या कितीतरी घरांत मुलांच्या अशा वह्या तयार झाल्या. हा खेळ मुळातच घरगुती, लोणच्यासारखा. पुस्तकातली कृती एक असली तरी प्रत्येक घरची चव निराळी!

मग वन्संनी वही का काढून घेतली? तर त्या वर्षांत तिकडे या खेळाची मोठी भीती पसरली होती. खेळाने मुलं वेडी होतात, सैतानाच्या नादी लागतात, असं बोललं जाई. मुलगा गमावलेल्या एका आईने १९८३ साली खेळाविरुद्ध संघटनाच काढली. १९८५ मध्ये '६० मिनिट्स' या गाजलेल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातही या आरोपांची चर्चा झाली. शेजारणीने वन्संना एक पत्रक आणून दिलं. त्याच सुमाराला मुलाचे गणितातले गुण घसरले. परका देश, विचारायला घरात वडीलधारं कुणी नाही. वन्संनी वही उचलली आणि "फेकली" म्हणून सांगितलं. मुलगा अंधारात जाऊन कचऱ्याचा डबा उपसून आला. त्यानंतर तो घरात गोष्ट लिहिताना कधी दिसला नाही.

पुढे झालेल्या अभ्यासांत हा खेळ आणि मुलांच्या आत्महत्या यांचा कार्यकारणसंबंध आढळला नाही. पण तोवर वन्संचा मुलगा मोठा होऊन घराबाहेर पडला होता.

"मग फाडली का नाही?" मी विचारलं. त्यांनी वही उघडून माझ्यापुढे धरली. इंग्रजी अक्षरांत, पण शब्द आपले! सात समुद्रांपलीकडचं भुयार, आणि राक्षसाचा प्राण पिंजऱ्यातल्या पोपटात. १९८३ साली आमच्या सासूबाई सहा महिने तिकडे होत्या, तेव्हा रोज रात्री नातवाला गोष्टी सांगायच्या. त्या गोष्टी त्याने भुयाराच्या खोल्यांत मांडल्या होत्या. "आईचे शब्द कसे फाडू, वहिनी?" वन्सं म्हणाल्या.

त्यांची नात चौदा वर्षांची आहे. ती मैत्रिणींबरोबर हाच खेळ नव्या नियमांनी खेळते. म्हणजे वहीला वारस होता. प्रश्न होता तो चाळीस वर्षं सांगितलेल्या खोट्याचा. वन्सं आठ दिवस झोपल्या नाहीत. शेवटी एका रविवारी जेवणं झाल्यावर त्यांनी वही मुलापुढे ठेवली आणि काय ते सांगून टाकलं. तो काही बोलला नाही. वही घेऊन बाहेर गाडीत जाऊन बसला. अर्ध्या तासाने आत येऊन त्याने एवढंच विचारलं, "आई, तू वाचली होतीस?"

"दर वर्षी," वन्सं म्हणाल्या. "साड्यांना हवा द्यायला काढते ना, तेव्हा."

त्याने माफ केलं की नाही, ते मी विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी बापलेक वही घेऊन टेबलाशी बसले आणि मग मदतीला मीही बसले. आता तुमच्या उपयोगाचं सांगते.

पहिलं काम कागदाचं. तळघरातली, माळ्यावरची वही आणल्या आणल्या चाळू नका. एकदोन दिवस सावलीत, कोरड्या हवेत राहू द्या. उन्हात मुळीच नको. धूळ मऊ कुंचल्याने झाडा, ओल्या फडक्याने नाही. पेन्सिलीचं लिखाण उजेडाने उडत नाही, पण चोळलं की पुसट होतं. स्केचपेनची शाई मात्र उजेडाने विटते आणि पाण्याने पसरते. चिकटलेली पानं ओढू नका. फाटलं तिथे सेलोटेप लावू नका, ती पिवळी पडून कागदाला डाग पाडते. प्लॅस्टिकच्या पातळ आवरणात कायमचं बंद करून घेण्याचाही मोह टाळा. रबरबँड आणि गंजलेल्या टाचण्या तेवढ्या अलगद काढा.

दुसरं काम नकलेचं. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, प्रत्येक पानाचा मोबाइलवर सरळ वरून फोटो घ्या. मागची कोरी वाटणारी पानंही सोडू नका. मग मूळ वही बासनात ठेवा आणि यापुढची सगळी खाडाखोड नकलेवर करा. या एका नियमाने आमच्या घरातली दोन भांडणं टळली!

तिसरं, लिहिणारा हयात असेल तर त्याला बोलतं करा. अशा वहीत निम्मंच लिहिलेलं असतं, निम्मं खेळताना तोंडी झालेलं असतं. 'खोली ४ : पाणी, सावध' एवढंच एका जागी होतं. भाच्याला विचारलं तर तो दहा मिनिटं सांगत राहिला. नातीने ते लगेच लिहून घेतलं.

चौथं काम मापांचं. आपल्या आजेसासूबाईंच्या कृतीत शेर, पायली आणि दोन आण्यांची मोहरी असते. ती आपण किलो-ग्रॅममध्ये बसवून घेतोच ना? तसंच हे. भाच्याच्या खोक्यातल्या नियमांत चिलखताचा आकडा जितका लहान तितकं ते भक्कम. चिलखत नसलेल्या माणसाचा आकडा ९ होता. आज तो १० आहे आणि चिलखत भक्कम तसा आकडा वाढतो. तेव्हा १९ मधून जुना आकडा वजा करायचा. जुना ५ असेल तर आजचा १४. नेहमीचे राक्षस मात्र बदलत बसू नका, ते नव्या पुस्तकातून तयार घ्या. घरी रचलेल्यांपुरताच हिशेब करा. नव्या पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम फुकट वाचायला मिळतात, त्यासाठी खर्च करायची गरज नाही.

पण मोहरी मोजली म्हणजे लोणचं जमलं असं नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. वहीत जागोजागी सोनं होतं. नात म्हणाली, "बाबा, इतकं कशाला?" कारण असं की, जुन्या नियमांत बाहेर आणलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्याला एक अनुभवगुण मिळे आणि गुण साठले की पात्र वरच्या पायरीला जाई. म्हणून राक्षसाशी लढण्यापेक्षा त्याला चकवून सोनं आणणं शहाणपणाचं. नव्या नियमांत सोनं म्हणजे नुसते पैसे. तेव्हा बापलेकींनी ठरवलं की या भुयारापुरता जुनाच रिवाज ठेवायचा. उलट विषाचा नियम त्यांनी बदलला. पूर्वी फासा चुकला की विषाने पात्र जागीच मरे. आता शक्ती शून्यावर आली की पात्र बेशुद्ध पडतं, आणि तीन वेळा फासा चुकण्याच्या आत तीन वेळा लागला तर वाचतं. मैत्रीण पहिल्या पाच मिनिटांत मरून तासभर नुसती बसून राहिली, तर पुढच्या खेपेला येईल कशाला?

छापील जगातही हेच चालतं. लॉरा आणि ट्रेसी हिकमन या नवराबायकोने 'रेव्हनलॉफ्ट' नावाचा पिशाच्चाचा किल्ला घरी रचला आणि पाच वर्षं दर हॅलोविनला मित्रांबरोबर खेळून पाहिला. मग १९८३ मध्ये तो छापला गेला. २०१६ साली नव्या नियमांत 'कर्स ऑफ स्ट्राड' म्हणून तो पुन्हा आला, तेव्हा त्या दोघांचा सल्ला घेतला होता. किल्ला तोच ठेवला, पत्त्यांनी भविष्य पाहून खजिना कुठे हे ठरवायची युक्तीही ठेवली आणि भोवतालचा मुलूख वाढवला. त्यातल्या भटक्या लोकांचं चित्रण अपमानकारक आहे अशी टीका झाली, तेव्हा २०२० च्या आवृत्तीत ते सुधारलं. म्हणजे जुनं जपायचं म्हणून त्यातलं बोचणारंही जपायचं, असं नाही.

आमच्या वहीतही एक बोचणारी खोली होती. नववी. हिरव्या साडीतली चेटकीण, रात्री नऊ वाजले की भुयारातले सगळे दिवे विझवते. खाली लिहिलेलं, 'हिच्याशी बोलता येत नाही.' वन्संकडे हिरवी साडी होती आणि घरात नऊला दिवे बंद होत. चाळीस वर्षं त्या ते पान वाचत आल्या होत्या!

भाचा ओशाळला. म्हणाला, खोलीच काढून टाकू. वन्संनी हात धरला. "राहू दे. खरं आहे ते." मग नातीने मधला मार्ग काढला. मूळ वहीत काही बदलायचं नाही. नकलेत चेटकीण तीच, साडी तीच, दिवेही तसेच विझणार. फक्त शेवटचं एक वाक्य बदललं : 'हिच्याशी बोलता येतं, पण आधी तिला काय वाटतं ते विचारावं लागतं.'

शेवटचा सल्ला. सगळी वही पुरी होईपर्यंत थांबू नका. चारपाच खोल्या तयार झाल्या की माणसं बोलवा आणि खेळा. कुठे अडतं ते खेळतानाच कळतं, दुरुस्ती मागाहून करता येते. माझ्या निघायच्या आदल्या शनिवारी नातीच्या दोन मैत्रिणी आल्या. भाच्याने गोष्ट सांगायला सुरुवात केली, आणि सासूबाईंचा तो सूर त्याच्या इंग्रजीतून ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मी थालीपिठं लावत होते. वन्सं दाराशी उभ्या होत्या. घड्याळात नऊ वाजले तेव्हा नात म्हणाली, "आजी, दिवा बंद करायला येतेस?"

"आज नको," वन्सं म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून बसल्या.

तर मैत्रिणींनो, या सुट्टीत माळ्यावरच्या त्या वस्तूची धूळ झटकाल तेव्हा ती पुन्हा आत सारण्याआधी एकदा उघडून पाहा. ज्याची असेल त्याला दाखवा. आणि कधीकाळी तुम्ही ती "फेकली" म्हणून सांगितलं असेल, तर तेही सांगून टाका. काय झालं ते मला जरूर कळवा.

पुढच्या आठवड्यात : पावसाळ्यात कडधान्यांना भुंगे लागू नयेत म्हणून काय करावं.