बटणांवर नको, नियमांवर भांडा!

मंडळी, 'स्टार ट्रेक : डिस्कव्हरी'वरून चाहत्यांमध्ये २०१७ पासून जुंपलीय. एक गट म्हणतो, ही कथा १९६६च्या मूळ मालिकेच्या दहा वर्षं आधीची, मग यात होलोग्राम आणि चकचकीत पडदे कसे? दुसरा म्हणतो, गप्प बसा आणि बघा.

मला दोन्ही पटत नाही.

पडदे चकचकीत असणारच. १९६६चा सेट आज कोण खपवून घेईल? ट्रान्सपोर्टरसुद्धा आला तो दर भागात यान ग्रहावर उतरवून दाखवणं परवडत नव्हतं म्हणून! पण यानाभोवती संरक्षक कवच असलं की तो चालत नाही, हा नियम ठरला आणि त्यावरच कितीतरी भाग रंगले.

खरा प्रश्न स्पोअर ड्राइव्हचा आहे. क्षणात कुठेही पोचवणारं तंत्र आधीच सापडलं होतं, तर 'व्हॉयेजर'मध्ये घरापासून ७० हजार प्रकाशवर्षं दूर अडकलेल्यांनी सात सीझन पायपीट कशाला केली? लेखकांचा उपाय बघा. दुसऱ्या सीझनच्या शेवटी यान भविष्यात धाडलं आणि मागे राहिलेल्यांना तंबी दिली: याचं नाव काढाल तर देशद्रोह!

अहो, ही गोष्ट आहे की सरकारी कचेरी? अडचणीची फाईल 'गोपनीय' शिक्का मारून कपाटात!

यंत्र कितीही अचाट दाखवा, पण त्याला मर्यादा ठेवा. मर्यादा नसली की संकट उरत नाही, आणि संकट नसलं की गोष्टच उरत नाही. याचा जाब विचारणं म्हणजे किरकिर नव्हे, तो प्रेक्षकाचा हक्क आहे. तेवढा बटणांचा रंग सोडा.