कॅसेट कोण रिकामी करणार?

न्यूझीलंडमधल्या आपल्या मंडळातल्या तरुण जोडप्यांचा बेत कानावर आला. येत्या डिसेंबरात वऱ्हाडात गावी गेलं की विमानतळ, लग्नघर, परत विमानतळ असं न करता मोटरहोम भाड्यानं घ्यायची आणि अमरावती, चिखलदरा, मेळघाट, नरनाळा, अकोला असं पोराबाळांसह हिंडायचं. हिंडायला माझी ना नाही, उलट आग्रहच आहे. इथल्या ९२० मीटरच्या आर्थर्स पासवर उभं राहून फोटो काढणारी आपली मंडळी, चिखलदरा हजार मीटरच्याही वर आहे हे पार विसरून गेलेली असतात. समुद्र तेवढा वऱ्हाडाच्या नशिबी नाही. तो इथं वेस्ट कोस्टला पोटभर पाहून घ्यावा. माझा विरोध आहे तो त्या गाडीला.

न्यूझीलंडमध्ये मोटरहोमची सहल जमते ती संध्याकाळी टेकायला जागा असते म्हणून. ठिकठिकाणी गाडीतला मैला ओतायचं डम्प स्टेशन, पिण्याच्या पाण्याचा नळ वेगळा. कॅम्पग्राउंड सोडून बाहेर मुक्काम करायचा तर बहुतेक ठिकाणी सेल्फ-कंटेन्ड गाडी लागते, आणि २०२३ च्या कायद्यानं अशा गाडीत पक्कं बसवलेलं शौचालय असावंच लागतं. मग सकाळी त्या शौचालयाची कॅसेट. गाडीच्या कुशीतलं छोटं दार उघडायचं, हातमोजे चढवायचे, जड झालेली पेटी ओढत न्यायची, नळीचं झाकण फिरवून तोंड वळवून ओतायची, विसळायची, औषध घालून परत सरकवायची. आपल्यातला सर्जन हे करतो, आयटीवालाही करतो. रांगेत उभा राहून करतो आणि पुढच्या माणसाशी हवापाण्याच्या गप्पा मारतो.

हाच सर्जन चिखलदऱ्याच्या वाटेवर परतवाड्याला पोचला की काय होईल? गाडीबरोबर ड्रायव्हर येईल, ड्रायव्हरबरोबर एक पोरगा येईल, आणि कॅसेट त्या पोराच्या हातात जाईल. पोरगा कुठल्या वस्तीतला असेल हे सांगायची गरज नाही. हातानं मैला उपसायला लावण्यावर २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे; आपण ते काम गाडीच्या भाड्यात गुपचूप बसवून घेऊ. शिवाय ओतायचं कुठं? बहुधा पहिल्या नाल्यात.

यावर कुणी म्हणेल, महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, त्यात कॅरॅव्हॅन पार्कही आहेत. असू देत, कल्पना चांगली आहे. पण ती कॅरॅव्हॅनवाल्यांसाठी. वऱ्हाडात रस्त्यावर रात्र काढणारी कुटुंबं वेगळीच आहेत, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या काढताहेत.

बहिरमची जत्रा आठवा. अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर बाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, २० डिसेंबरपासून जानेवारी संपेपर्यंत चालते. बैलबंडीत कुटार अंथरून, वर सतरंजी टाकून, भांडीकुंडी आणि म्हाताऱ्या आईसकट घरंच्या घरं निघायची. तिथं राहुटी ठोकायची, पऱ्हाट्या पेटवून मातीच्या हंडीत मटण शिजवायचं, गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजायचे, हवे तेवढे दिवस राहायचं. आता बंड्यांच्या जागी गाड्या आल्या, पण हंड्या आणि राहुट्या आहेतच. माझ्या काकांना मोटरहोमचा फोटो दाखवला तर म्हणाले, "थ्या डब्यात झोपाले कायले जाता रे? घरी बाजा नाहीत का?" स्वतः मात्र बहिरमला कडाक्याच्या थंडीत राहुटीत खुशाल झोपत आले आहेत. चाकांवरच्या संसाराचं त्यांना नवल नाहीच. दार लावून आत बसणं तेवढं त्यांना पटत नाही.

त्या जत्रेत आजही बाईमाणसाची पंचाईत होते ती स्वच्छ संडासाची आणि आडोशाला आंघोळ करण्याची. हे ज्या माणसाला फार आधी कळलं तो याच जिल्ह्यातला, शेंडगावचा. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधल्या आणि झाडू स्वतःच्या हातात धरला. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीकडे नेत असताना वलगावच्या पेढी नदीच्या पुलाजवळ, गाडीतच, त्यांनी प्राण सोडला. चिखलदऱ्याला जाणारी आपली सगळी वाहनं त्याच वाटेनं पेढी ओलांडतात.

रस्ते करायला आपण कमी पडत नाही. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर एका लेनचा सलग ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. त्याच महामार्गावर प्रवास करताना माझ्या बायकोला एका पंपावर संडासाची चावी मागावी लागली, आणि चावीवाला जेवायला गेला होता.

तेव्हा माझी सूचना अशी. यंदा साधी दहा-बारा सीटची गाडी करा. मुक्काम चिखलदऱ्याला लॉजमध्ये करा, एक रात्र बहिरमला राहुटीत काढा. मेळघाटात वाटेल तिथं थांबून झोपता येत नाही, येऊही नये. मोटरहोमच्या भाड्यातून वाचलेले पैसे मंडळाच्या खात्यावर टाका. त्यातून परतवाडा-बहिरम रस्त्यावर, तिथल्या ग्रामपंचायतीला बरोबर घेऊन, एक मुक्कामाची जागा उभी करू: बायकांचे संडास जास्त, पुरुषांचे कमी, न्हाणी, दिवा, नळ, सेप्टिक टाकी, आणि ती यंत्रानं उपसण्याच्या खर्चाची वर्षावर्षाची तरतूद. टाकीला जोडलेलं एक डम्प स्टेशनही ठेवू. पुढेमागे मोटरहोम आलीच तर मालकानं स्वतः कॅसेट उचलून आणावी. नाही आली तरी काळीपिवळ्या, मिनीडोर आणि उरल्यासुरल्या बंड्या रोज थांबतील. ठराव मी लिहून ठेवला आहे, अनुमोदक हवा आहे.