तीन चिठ्ठ्या आणि एक पोटॅशियम

मागच्या महिन्यात एका दुपारी, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं असताना, आमचे जुने गिऱ्हाईक असलेले एक काका आले आणि पिशवीतल्या रिकाम्या स्ट्रिप काउंटरवर पसरून म्हणाले, "ताई, हेच द्या. महिन्याचं." आमच्या धंद्यात चिठ्ठीपेक्षा रिकामी स्ट्रिप जास्त चालते. चिठ्ठी हरवते, स्ट्रिप उशाशी असते.

एक टेल्मिसार्टन 40, बीपीची, आठ वर्षांपासून. दुसरी स्पायरोनोलॅक्टोन 25, पायांवर सूज आली म्हणून हृदयाच्या डॉक्टरांनी दिवाळीनंतर सुरू केलेली. तिसरी डायक्लोफेनॅक, गुडघ्याच्या डॉक्टरांची, "दुखेल तेव्हा" घ्यायची, आणि काकांचा गुडघा रोज दुखतो. बोलता बोलता कळलं की सुनेने बीपीवाल्यांसाठीचं कमी सोडियमचं मीठही आणलंय. मी विचारलं, "काका, पोटॅशियम कधी तपासलंत?"

"शुगर नॉर्मल आहे की माझी."

रक्तातलं पोटॅशियम साधारण 3.5 ते 5 च्या दरम्यान असावं लागतं. शरीरातल्या एकूण साठ्यापैकी जेमतेम दोन टक्के पेशींच्या बाहेर असतं, पण हृदयाच्या ठोक्यांची लय त्या चिमूटभरावर अवलंबून. आता टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल या गोळ्या अल्डोस्टेरॉन नावाच्या संप्रेरकाचा जोर कमी करतात. हे संप्रेरक किडनीला सांगत असतं, सोडियम ठेव, पोटॅशियम सोड. त्याचा आवाज बसला की पोटॅशियम मागे राहतं. स्पायरोनोलॅक्टोन तर किडनीत त्या संप्रेरकाची जागाच अडवून बसते. डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. आणि कमी सोडियमच्या मिठात सोडियमच्या जागी घातलेलं असतं ते पोटॅशियम क्लोराइड! म्हणजे बाहेर जायच्या वाटा तीन बाजूंनी आवळल्या आणि चौथीकडून आवक वाढवली.

यात एकाही डॉक्टरांची गोळी चुकीची नव्हती, हे आधी सांगते. टेल्मिसार्टनबरोबर स्पायरोनोलॅक्टोन मुद्दाम देतात, त्याने माणसं वाचतात. 1999 साली 'रेल्स' नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. हृदय थकलेल्या रुग्णांमध्ये स्पायरोनोलॅक्टोनने मृत्यू तीस टक्क्यांनी घटले होते. डॉक्टरांनी ती गोळी हौसेने लिहायला घेतली. मग 2004 मध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताचा हिशेब बाहेर आला: रामिप्रिलच्या जातीची गोळी घेणाऱ्या, हृदय थकलेल्या वयस्कर रुग्णांत पोटॅशियम वाढल्यामुळे रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण 1994 मध्ये हजारी 2.4 होतं, ते 2001 मध्ये 11 वर गेलं. गोळी तीच, पण चाचणीतले रुग्ण निवडून घेतलेले होते, त्यांचं रक्त वरचेवर तपासलं जात होतं. बाहेरच्या जगात ते राहून गेलं.

एकाच कामाच्या दोन गोळ्या एकत्र दिल्या तर दुप्पट फायदा होईल, हीही आशा होती. टेल्मिसार्टन आणि रामिप्रिल दोन्ही एकदम देऊन पाहिलं, पंचवीस हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत. 2008 मध्ये निकाल आला. फायदा वाढला नाही. पोटॅशियम आणि किडनीच्या तक्रारी मात्र वाढल्या. ती जोडी आता कोणी सहसा लिहीत नाही. तरीही डॉक्टर बदलला की जुनी रामिप्रिल आणि नवी टेल्मिसार्टन एकाच डब्यात नांदताना मी पाहिल्या आहेत, कारण जुनी बंद करायची हे कोणी सांगितलंच नव्हतं.

उलटी बाजूही आहे. स्ट्रिपवर नावापुढे 'एच' असेल तर आत हायड्रोक्लोरोथायाझाइड, 'सीटी' असेल तर बहुतेक वेळा क्लोरथॅलिडोन. ही लघवीची औषधं पोटॅशियम बाहेर टाकतात. 'एएम' म्हणजे अम्लोडिपिन. तिचं पोटॅशियमशी देणंघेणं नाही, पाय सुजवते तेवढंच. टेल्मिसार्टन आणि 'एच' यांची जोडी म्हणूनच शहाणपणाची, एक चढवते, दुसरी उतरवते. पण प्रत्येकाच्या शरीरात ही वजाबाकी बरोबर शून्यावर येत नाही. आमच्या एक आजी नुसत्या क्लोरथॅलिडोनवर होत्या. पोटऱ्यांत गोळे यायचे, तपासलं तर पोटॅशियम कमी, म्हणून सिरप सुरू झालं. पुढे त्यांची गोळी बदलून टेल्मिसार्टन झाली. सिरप चालूच! दीड वर्ष मीच ते विकत होते. हे लिहिताना मला काही बरं वाटत नाहीये.

पोटॅशियम वाढलं तर बहुतेकदा काहीच जाणवत नाही. जाणवलं तर थोडा अशक्तपणा, जो सत्तरीत सगळ्यांनाच असतो. आणि रिपोर्टही कधी फसवतो. रक्त घेताना मूठ फार आवळली किंवा नमुन्यातल्या पेशी फुटल्या तर आकडा खोटाच वर दिसतो. म्हणून बेताचा वाढलेला आकडा बघून शहाणा डॉक्टर आधी पुन्हा तपासायला सांगतो. पण आकडा फार वर असेल तर वाट न बघता ईसीजी.

मिठाबद्दलही एक. जागतिक आरोग्य संघटनेने 2025 मध्ये कमी सोडियमच्या मिठाची शिफारस केली. मात्र किडनी अधू असलेल्यांना किंवा पोटॅशियम अडवणारी औषधं घेणाऱ्यांना ती लागू नाही, हेही त्यातच आहे. जाहिरातीत 'बीपीसाठी उत्तम' एवढंच मोठ्या अक्षरात असतं. ज्याच्यासाठी विकायचं, त्यातल्याच कित्येकांना ते चालत नाही.

माझं मागणं छोटं आहे. टेल्मिसार्टन-रामिप्रिलच्या जातीची गोळी सुरू केली, डोस वाढवला किंवा सोबतीला स्पायरोनोलॅक्टोन दिली, की एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं, हे प्रत्येक डॉक्टर शिकलेला असतो. मग ती तारीख चिठ्ठीवर का नसते? गोळीपुढे 'सकाळी 1' लिहिता, त्याखाली 'रक्त' आणि दिवस लिहायला किती शाई लागते? तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या एकत्र येतात त्या फक्त आमच्या काउंटरवर, आणि आम्ही हातात घेतो ती रिकामी स्ट्रिप.

काकांना मी गोळ्या दिल्या नाहीत. हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. संध्याकाळी रिपोर्ट आला 6.1, आणि त्याच रात्री काका भरती झाले. चार दिवसांनी घरी आले. गुडघ्याची गोळी बंद, मीठ साधं, तेही बेताचं, स्पायरोनोलॅक्टोन सध्या थांबवलेली. सून माझ्यावर थोडी नाराज आहे, मिठाचा पुडा तिने चांगला म्हणूनच आणला होता.

तेव्हापासून मी कागदी पिशवीवर निळ्या पेनने पुढच्या तपासणीची तारीख लिहून देते. निम्मे लोक पिशवी दारातच फेकतात. काका परवा ती घडी करून खिशात घेऊन आले. तारीख उलटून सहा दिवस झाले होते.