छातीच्या फोटोतला डाग

मागे एका रविवारी विहारात वंदना आटोपली आणि वस्तीतले एक गृहस्थ छातीचा फोटो घेऊन पुढे आले. "दादा, डाग निघालाय. टीबीच ना?" त्यांनी वीस वर्षे खडीमशीनवर काढलेली. टीबीच्या गोळ्या दोनदा पूर्ण केल्या, तरी दम कमी होईना. थुंकीत जंतू सापडले नव्हते. घरात मात्र त्यांचे ताट-पेला वेगळे झाले होते.

मी कारकून, डॉक्टर नव्हे. पण एवढे आपण सर्वांनी समजून घ्यावे. एक्स-रेमध्ये हवा काळी दिसते, हाडे पांढरी. निरोगी फुफ्फुसात हवा भरलेली, म्हणून ते काळसर दिसते. टीबीत बहुधा वरच्या भागात पांढुरका पट्टा येतो, कधी पोकळी पडते. बऱ्या झालेल्या जुन्या टीबीचाही व्रण राहतो. दगडाच्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिसमध्ये दोन्ही बाजूंना, जास्त करून वरच्या भागात, मोहरीसारखे बारीक ठिपके दिसतात. दोन्ही रोग फोटोत सारखे भासू शकतात. शिवाय सिलिकोसिस झालेल्याला टीबी लवकर जडतो. म्हणून नुसत्या फोटोवर निकाल नको, थुंकीची तपासणी हवीच. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते.

आम्ही त्यांना मोठ्या रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "काम काय करता?" तोवर हे कोणी विचारलेच नव्हते! निदान सिलिकोसिसचे झाले. डॉक्टरांनी जुना फोटो मागितला. पण मुलांनी ग्रहण बघायला त्याचे कधीच तुकडे केले होते.

टीबी औषधाने बरा होतो. सिलिकोसिसने झालेली हानी भरून येत नाही, पण धूळ सुटली तर पुढचे नुकसान कमी होते. तो एकाचा दुसऱ्याला होत नाही. टीबीसुद्धा खोकल्यातून हवेने पसरतो, ताट-पेल्याने नव्हे. मग आपल्याच माणसाला वेगळे का बसवायचे? ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले ते यासाठीच.

सिलिकोसिस कायद्याने व्यावसायिक आजार मानला आहे. त्याची नुकसानभरपाई ही मालकाची दया नव्हे, कामगाराचा हक्क आहे. पण हक्काला पुरावा लागतो. तेव्हा भगिनींनो, प्रत्येक फोटो तारीख टाकून, रिपोर्टसह ट्रंकेत जपा. मोबाईलवर आला असेल तर पुसू नका. हजेरीकार्ड, पगाराची चिठ्ठी त्याच पिशवीत ठेवा. आणि डॉक्टरांनी विचारले नाही, तरी आपण होऊन सांगा : कुठे, किती वर्षे, कसल्या धुळीत राबलो.

जयभीम!