पकड सुटली तर?

लिस्बन हे नाव गोमंतकीय वाचकाला परके नाही. साडेचारशे वर्षे जेथून आमच्यावर राज्य चालले ते हे शहर; आणि आज अनेक गोमंतकीय कुटुंबांचे आप्त पोटापाण्यासाठी तेथे वास्तव्य करून आहेत. ३ सप्टेंबर २०२५ रोजी त्या शहरातील ग्लोरिया चढावरची प्रसिद्ध पिवळी गाडी उतारावर मोकाट सुटली, वळणावर रूळ सोडून एका इमारतीवर आदळली आणि १६ माणसे प्राणास मुकली. या दुर्घटनेविषयी पोर्तुगालच्या अपघात-तपास संस्थेने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जो प्राथमिक अहवाल प्रसिद्ध केला, तो केवळ लिस्बनकरांनी वाचावा असा नाही. डोंगरावरील देवस्थानांना आणि गडांना रज्जुमार्गाने जोडण्याची लाट आपल्या देशात आलेली असताना, त्या अहवालातील एक मुद्दा आम्हांला विशेष महत्त्वाचा वाटतो.

ग्लोरियाची रचना १८८५ सालची. एकाच पोलादी दोराच्या दोन टोकांना दोन गाड्या बांधलेल्या. दोर वरच्या टोकाशी चाकावरून फिरतो, एक गाडी उतरते तेव्हा दुसरी चढते. पुढे गाड्यांवर विजेच्या मोटारी बसल्या, तरी एकमेकींचे वजन तोलण्याचे काम दोराकडेच राहिले. अपघाताच्या दिवशी वरची गाडी जेमतेम ६ मीटर सरकली असेल, तोच तिचा दोर सुटला. दोर मधोमध तुटला नव्हता. बाकीचा दोर शाबूत होता. तो निकामी झाला तो गाडीच्या पोटात, जेथे तो गाडीला जखडलेला असतो नेमका तेथे. त्याच सकाळी नित्याची पाहणी झाली होती आणि तीत काही वावगे आढळले नव्हते. आढळणार कसे? ती जागा गाडी उकलल्याशिवाय डोळ्यांना दिसतच नाही.

दोर गाडीला कसा जोडतात, हे थोडे समजून घेतले पाहिजे. कायमच्या जोडणीत दोराच्या टोकाच्या तारा केरसुणीसारख्या पिंजून एका निमुळत्या पोलादी खोबणीत बसवतात आणि वर वितळलेला धातू ओतण्याची पद्धत सर्रास आहे. ही गाठ दिसायला अभेद्य. परंतु दोर हादरतो, वाकतो, पिळतो, आणि त्या सगळ्याचा ताण येऊन साचतो तो खोबणीच्या तोंडाशी. म्हणून ठराविक काळाने टोकाचा तुकडा कापून टाकून जोडणी नव्याने करावी लागते. इटलीत मोत्तारोने येथे २३ मे २०२१ रोजी ओढीचा दोर तुटला तोही अशा टोकाच्या जोडणीजवळच. १४ माणसे गेली. तेथे तर पाळण्याला दोर तुटल्यास आधाराची तार घट्ट धरून ठेवणारा स्वतंत्र ब्रेक होता. पण तो बिघाडामुळे वारंवार आपोआप लागू लागला, सेवेत खंड पडू लागला, तेव्हा तो लोखंडी अडसर घालून बंदच करून ठेवण्यात आला होता. या प्रकाराला निष्काळजीपणा हा शब्द सौम्य होय.

याउलट उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचे. तेथे अँड्र्यू हॅलिडी याने १८७३ साली क्ले स्ट्रीटच्या चढावर जी पद्धत सुरू केली, ती अद्याप चालू आहे. रस्त्याखालच्या चरात अखंड दोर ताशी सुमारे १५ किलोमीटर या एकाच गतीने धावत असतो. गाडीला स्वतःचे इंजिन नाही. चालक एक लांब तरफ ओढतो, फटीतून खाली गेलेल्या सांडशीचे जबडे दोरावर आवळले जातात आणि गाडी चालू लागते. आरंभी पकड किंचित सैल ठेवतात, दोर जबड्यांतून घसरत गाडीला गती देतो, मग ती पक्की आवळतात. नाही तर प्रवासी आसनावरून फेकलेच जायचे! या घर्षणाने जबड्यांतील धातूचे पट्टे काही दिवसांतच झिजतात व बदलावे लागतात. दोन दोर जेथे एकमेकांना ओलांडतात तेथे चालकाला दोर सोडून केवळ वेगाच्या बळावर पलीकडे जावे लागते.

आता गंमत पाहा. ज्या गाडीला दिवसातून असंख्य वेळा दोर सोडायचा आहे, तिला दोरावाचून थांबता आलेच पाहिजे, हे तिच्या कर्त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. म्हणून तिच्यावर चाकांचा ब्रेक आहे, रुळांवर दाबले जाणारे लाकडी ठोकळे आहेत, आणि अगदी शेवटचा उपाय म्हणून चराच्या फटीत ठोकली जाणारी पोलादी पाचर आहे. ग्लोरियाच्या गाडीवरही ब्रेक होते. दोर सुटताच चालकाने ते लावले, यंत्राचे लावले आणि हाताचेही. परंतु दुसऱ्या गाडीचा तोल नाहीसा झाल्यावर त्या उतारावर भरलेली गाडी रोखण्याची शक्ती त्यांत नव्हती. एका मिनिटाच्या आत, ताशी सुमारे ६० किलोमीटर वेगाने, सारे संपले. दोर कायमचा बांधलेला आहे, तेव्हा तो सुटणार नाही, या गृहीतावर १४० वर्षे उभी होती ती सगळी व्यवस्था. त्यात वापरलेला दोर माणसांच्या वाहतुकीसाठी प्रमाणित नव्हता असेही अहवाल नोंदवतो. तोच अपघाताचे कारण, असा निष्कर्ष मात्र त्याने काढलेला नाही, आणि हा संयम योग्यच आहे.

आपल्याकडील आधुनिक पाळण्यांची गोष्ट निराळी, पण प्रश्न तोच. ज्या रज्जुमार्गात एकच दोर पाळण्याला पेलतो आणि ओढतोही, तेथे पाळण्याला स्वतःचा ब्रेक असूच शकत नाही, लागणार कशाला? तेथे सर्व भिस्त पकडीवर. पुष्कळ ठिकाणी ही पकड स्थानकात उघडते: पाळणा दोरापासून सुटतो, माणसांच्या चालीने सरकतो, मग रबरी चाके त्याला दोराच्या गतीला आणतात आणि पकड पुन्हा मिटते. जोरदार स्प्रिंग तिला मिटलेली ठेवते. उघडण्यासाठी बळ लागते, मिटण्यासाठी नाही. चांगल्या रचनेत प्रत्येक पाळणा स्थानकाबाहेर पडण्यापूर्वी त्याच्या पकडीची ताकद यंत्र तपासते, आणि ती कमी भरली तर सारा मार्ग जागीच थांबतो. जेथे पकड कायमची असते तेथे ती ठराविक मुदतीने दोरावर पुढे सरकवावी लागते, एकाच जागी दोर शिणू नये म्हणून. ही कामे कंटाळवाणी आहेत. त्यांचे उद्घाटन होत नाही, फीत कापली जात नाही.

केंद्राने २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात 'पर्वतमाला' योजनेखाली ६० किलोमीटर लांबीच्या ८ रज्जुमार्गांची घोषणा केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये झारखंडमध्ये देवघरजवळ त्रिकूट पर्वतावर पाळणे अडकले, हवाई दलाला धाव घ्यावी लागली, आणि केंद्राने राज्यांना आपापल्या रज्जुमार्गांची सुरक्षा तपासण्यास कळविले. त्या तपासण्यांतून काय निघाले हे यात्रेकरूला कोठे वाचावयास मिळते? सप्तशृंग गडाची फ्युनिक्युलर असो वा रायगडचा रोपवे, तिकिटाच्या खिडकीशी दर ठळक अक्षरांत लावलेला असतो. दोर कधी बदलला, टोकाची जोडणी कधी नव्याने केली, दोर नाही असे समजून ब्रेकची चाचणी शेवटची केव्हा घेतली, या तीन तारखाही तेथेच लावण्यास कोणाची हरकत असावी? लिस्बनच्या अहवालात देखभालीच्या नोंदी आणि प्रत्यक्ष काम यांत मेळ नसल्याचे म्हटले आहे. म्हणून नोंद ठेवणारा आणि तपासणारा एकच असता कामा नये, हेही सांगितले पाहिजे.

लिस्बनच्या दुर्घटनेनंतर तीनच दिवसांनी, ६ सप्टेंबर २०२५ रोजी, गुजरातेत पावागडावर मालवाहू रज्जुमार्गाची तार तुटून ६ जण दगावले. बडोद्याच्या मराठी मंडळींचे हे नित्याचे यात्रास्थान. भाविकांचा रज्जुमार्ग वेगळा होता. मेले ते बांधकामाच्या सामानाबरोबर जाणारे कामगार आणि मार्ग चालविणारी माणसे. माल नेण्याच्या दोरावर माणसे बसतात हे सर्वांना माहीत असते, नियम मात्र मालाचे लावले जातात. तपासणीच्या कोणत्याही नव्या आदेशात हे मालवाहू मार्ग प्रथम आले पाहिजेत.

मांडवी ओलांडून पणजीहून रेइश मागूशपर्यंत पाळण्यांतून जाण्याची योजना आमच्याकडेही काही वर्षांपूर्वी चर्चेत होती. ती वा तिच्यासारखी दुसरी पुन्हा पुढे येईल तेव्हा पाळण्यांची संख्या आणि पर्यटकांचे अंदाज सरकार उत्साहाने सांगेलच. पकडीची चाचणी कोण घेणार, किती दिवसांनी घेणार आणि तिचा अहवाल कोठे लावणार, हे आम्ही त्याच पत्रकार परिषदेत विचारणार आहोत.