सभासद की नुसते गिऱ्हाईक?

आमच्या दैनिकाच्या आतील पानावर एका कोपऱ्यात एक लहानशी चौकट वरचेवर येत असते. अमुक फिडरवर दुरुस्तीचे काम निघाल्यामुळे सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत अमुक वाड्यांचा वीजपुरवठा बंद राहील, एवढाच तिचा मजकूर. अग्रलेख न वाचणारे पुष्कळ असतात, याची आम्हांस नम्र जाणीव आहे. पण ती चौकट न वाचणारा गृहस्थ विरळा. विहिरीवरचा पंप केव्हा चालू करावा, पिठाच्या गिरणीत केव्हा जावे, घरच्या कार्याचा स्वयंपाक किती वाजता उरकावा हे त्या चार ओळींवरून ठरते. वीज खाते आणि गोमंतकीय जनता यांच्यांत जो काही संवाद आहे, तो बहुतांशी या चौकटीत आणि दर महिन्याच्या बिलात सामावलेला आहे.

वीज सरकारी खात्याची असेल तर एवढ्यावर निभावते. आपण ग्राहक, खाते विक्रेता. दाम मोजावे आणि दिवा लावावा. परंतु तारा, खांब, रोहित्रे आणि हिशेबाची वही हे सारे ज्याच्या मालकीचे आहे, अशा सभासदाला एवढी बातमी पुरेल काय? हा प्रश्न आम्हांस सुचला तो आंबोलीचा घाट चढून पलीकडे गेल्यावर. ज्या हिरण्यकेशीचा उगम आंबोलीच्या डोंगरात, तीच नदी संकेश्वराला पोहोचते; आणि संकेश्वर ज्या हुक्केरी तालुक्यात आहे, त्या तालुक्याला वीज देते ती तेथील ग्रामीण विद्युत सहकारी संस्था. शेजारच्या गोकाकच्या धबधब्यावर १८८७ साली वीज निर्माण झाली, याचा त्या भागाला अभिमान आहे, आणि तो रास्तच आहे. पण वीज निर्माण करणे निराळे आणि ती झोपडीपर्यंत नेऊन तिचा हिशेब लोकांच्या हाती देणे निराळे.

हुक्केरीची संस्था १९६९ सालची. श्री. वेंकटप्पय्या यांच्या अध्यक्षतेखालील ग्रामीण पतपुरवठा आढावा समितीने शिफारस केली, त्याच वर्षी ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले आणि अमेरिकन धर्तीवर पांच प्रायोगिक संस्था उभ्या राहिल्या. कर्नाटकात हुक्केरी, महाराष्ट्रात श्रीरामपूरची मुळा-प्रवरा, गुजरातेत कोडिनार, तेव्हाच्या आंध्रात सिरसिल्ला आणि उत्तर प्रदेशात लखनौ. कल्पना साधी होती. मोठ्या पुरवठादाराकडून ठोक भावाने वीज घ्यावी, ती गांवोगांव पोहोचवावी, वसुली करावी, आणि कारभार सभासदांनी निवडलेल्या संचालकांनी पाहावा. आज त्या पांचांपैकी हुक्केरी आणि सिरसिल्ला या दोन आपल्या पायांवर उभ्या आहेत. मुळा-प्रवरेचा परवाना ३१ जानेवारी २०११ रोजी संपला आणि वितरणाचे काम महावितरणकडे गेले.

मुळा-प्रवरेची कथा आम्हांस विशेष विचार करायला लावते. लोणीचा सहकारी साखर कारखाना ज्या प्रवरेच्या खोऱ्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केला, त्याच खोऱ्यातील ही संस्था. सहकार तेथे परका नव्हता. तो तेथील मातीत रुजला होता. असे असता जे उसाला साधले ते विजेला का साधले नाही? कोणी पुढाऱ्यांना दोष देतात, कोणी शेतीपंपांच्या सवलतीच्या दराला, कोणी ठोक भावाने वीज विकणाऱ्या मंडळाला. वीजखरेदीची थकबाकी डोंगराएवढी झाली आणि ती कोणी कशी भरावी यावर वर्षानुवर्षे वाद चालला, हे सर्वश्रुत आहे. या प्रत्येक कारणात तथ्य असेल. आम्हांस मात्र मुळाशी आणखी एक गोष्ट दिसते. ऊस उत्पादक शेतकरी कारखान्याला माल विकतो, पैसे घेतो. टनाला काय भाव मिळाला हे त्याला तोंडपाठ असते. शेजारच्या कारखान्याने दोन पैसे अधिक दिले तर तो सर्वसाधारण सभेत उभा राहून अध्यक्षांना जाब विचारतो. विजेचे नेमके उलट आहे. येथे सभासद पैसे देतो, आणि मिळते ती वस्तू डोळ्यांना दिसत नाही. तिचे वजन होत नाही, ती घरी नेऊन मोजता येत नाही. संस्थेने किती वीज विकत घेतली, किती विकली आणि मधल्यामधे किती गेली हे त्याला कोणी सांगितल्यावाचून कळण्याचा मार्गच नाही.

ही ‘मधल्यामधे गेलेली’ वीज म्हणजे काय, हे सामान्य सभासदाला समजेल अशा भाषेत सांगितले पाहिजे. समजा, संस्थेने शंभर युनिटे विकत घेतली आणि बिले ऐंशींचीच निघाली. उरलेली वीस कोठे गेली? काही तारेतच उष्णतेच्या रूपाने गेली. लांबच्या, बारीक, जुन्या तारेत ती अधिक जाते. काही बंद पडलेल्या वा सावकाश फिरणाऱ्या मीटरांत गेली. काही रात्रीच्या वेळी तारेवर टाकलेल्या आकड्यांतून गेली. या तिन्ही गोष्टींना उपाय निरनिराळे आहेत. पहिलीला पैसा लागतो, दुसरीला नेटका कारभार लागतो आणि तिसरीला शेजाऱ्याविरुद्ध बोलण्याचे धैर्य लागते. परंतु गळतीचा आकडाच खरा नसेल तर कोणता रोग आहे हे कसे कळणार? आणि ग्रामीण भागात तो आकडा खरा असणे कठीण असते, कारण शेतीपंपांना बहुधा मीटर नसतो. कर्नाटकात दहा अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. तिची किंमत शासन अनुदानातून भरते. जी वीज मोजलीच जात नाही तिचा अंदाज बांधावा लागतो, आणि अंदाज ही मोठी सोयीची कोठी आहे. जे काही हरवले असेल ते तिच्यात लोटून दार लावता येते. पंपांनी एवढी वीज ओढली असे कागदावर लिहिले की गळती आपोआप कमी दिसू लागते. हा दोष कोणा एका संस्थेचा नव्हे; देशातील बहुतेक वीज मंडळांनी ही कोठी वापरलेली आहे. तथापि सरकारी मंडळाने तसे केले तर बोजा अखेर कर भरणाऱ्या सर्वांवर पसरतो. सहकारी संस्थेत तो सभासदांच्याच गळ्यात पडतो, आणि पडेपर्यंत त्यांना त्याची वार्ताही नसते.

अमेरिकेत या चळवळीचा जन्म झाला तो १९३५ साली. शहरांत दहांपैकी नऊ घरांत विजेचे दिवे होते आणि शेतकऱ्यांच्या दहा घरांतून जेमतेम एका घरात. खाजगी कंपन्या म्हणत, एवढ्या लांब तार ओढून चार घरे जोडणे परवडत नाही. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्या वर्षी ११ मे रोजी ग्रामीण विद्युतीकरणाचे शासकीय खाते काढले. पुढच्या वर्षी कायदा झाला. शेतकरी एकत्र आले, पांच पांच डॉलर सभासद वर्गणी गोळा केली आणि सरकारी कर्जातून तारा ओढल्या. आज तेथे अशा सुमारे नऊशे संस्था आहेत आणि त्यांच्या तारा देशाच्या निम्म्याहून अधिक भूभागावर पसरल्या आहेत. त्या देशाची प्रत्येक गोष्ट अनुकरणीय आहे असे मानणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. पण तेथील एक प्रथा घेण्याजोगी आहे. पुष्कळ संस्था आपल्या सभासदांना नियमाने वार्तापत्र धाडतात. कोणत्या रस्त्यावरची झाडे तोडली जाणार, दर का वाढला, वादळात तुटलेल्या तारेपासून कसे दूर राहावे, संचालक पदासाठी कोण उभे आहेत, वार्षिक सभा कोठे भरणार, हे त्यात असते. पाककृतीही असतात, म्हणजे मागचे पान गृहिणी वाचतात आणि जाता जाता पुढचेही वाचतात. वर्षाअखेर शिल्लक उरली तर ती प्रत्येकाने जेवढी वीज घेतली त्या प्रमाणात त्याच्या नांवे मांडली जाते आणि कालांतराने परत केली जाते.

हे वाचून आमच्या वृद्ध वाचकांना गांवकरीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. पोर्तुगीजांनी कोमुनिदाद असे नांव देऊन कायद्यांच्या चौकटीत बसविण्यापूर्वी कित्येक शतके आमचे गांवकार एकत्र बसून बांध-मानशींची दुरुस्ती, शेतांची पावणी आणि देवस्थानाचा खर्च ठरवीत, आणि उरेल ते झोण म्हणून वाटून घेत. खाजन जमिनीचा बांध फुटला तर खारे पाणी कोणाच्या शेतात शिरणार हे प्रत्येकाला माहीत होते, म्हणून मानशीच्या फळ्यांकडे प्रत्येकाचे लक्ष असे. गांवकरीत दोष नव्हते असे नाही. तिच्यात सर्वांना स्थान नव्हते, आणि हा दोष लहान नव्हे. पण ज्यांना स्थान होते ते अजाण नव्हते. आजच्या आमच्या सहकारात याच्या उलट घडते. स्थान सर्वांना असते, जाण थोड्यांना. धारबांदोड्याच्या संजीवनी साखर कारखान्याचे गाळप काही वर्षांपूर्वी बंद पडले, तेव्हा त्याच्या ताळेबंदाची खरी स्थिती किती ऊस उत्पादकांना आधीपासून ठाऊक होती?

हा विषय गोमंतकीयांना दूरचा वाटू नये, यास आणखी एक कारण आहे. ३० मे १९८७ पर्यंत जे दमण आणि दीव आमच्याशी एका प्रशासनात नांदत होते, तेथील वीज वितरण १ एप्रिल २०२२ पासून एका कंपनीकडे गेले असून तिचे एक्कावन्न टक्के भाग खाजगी उद्योगाचे आहेत. चंडीगढमध्येही २०२५ साली वीज वितरण खाजगी कंपनीकडे गेले. आमच्याकडे वीज अद्याप सरकारी खात्याची आहे. हे बरे की वाईट याची चर्चा जेव्हा जेव्हा निघते तेव्हा ती सरकार की खाजगी कंपनी या दोन टोकांमध्येच घोटाळत राहते. २००३ च्या वीज कायद्याच्या पांचव्या कलमात ग्रामीण भागातील स्थानिक वितरणाचे व्यवस्थापन पंचायती, वापरकर्त्यांचे संघ आणि सहकारी संस्था यांच्याकडे देता येईल असे राष्ट्रीय धोरण आखण्यास सांगितले आहे, हे या चर्चेत कोणी उच्चारीत नाही. उद्या गोव्यात वीज संस्था काढा, असे आम्ही सुचवीत नाही. गोव्यासारख्या लहान राज्यात त्याची गरज आहे काय हेही तपासून पाहावे लागेल. परंतु तिसरी वाट आहे, ती छप्पन्न वर्षांहून अधिक काळ घाटापलीकडे तुडवली जात आहे, आणि तिच्यावरचे खाचखळगे कोठे आहेत ते पाहण्यास लांब जावयास नको.

हुक्केरीच्या संचालक मंडळाची निवडणूक सप्टेंबर २०२५ मध्ये झाली. बेळगांव जिल्ह्यातील मातब्बर घराण्यांनी तीत आपले बळ पणास लावले आणि विधानसभेच्या निवडणुकीत शोभेल असा गलबला तालुकाभर उडाला. कोणाचा गट जिंकला याच्याशी आम्हांस कर्तव्य नाही. एका वीज संस्थेसाठी लोक एवढे पेटून उठतात, ही एका अर्थी जिवंतपणाची खूण आहे. मात्र मत देणाऱ्या सभासदाच्या हातात मतदानाआधी कोणता कागद होता, हे विचारण्याचा अधिकार शेजारी म्हणून आम्ही बजावतो. संस्थेची वीजखरेदी किती, वसुली किती, शासनाकडून येणे असलेले अनुदान किती थकले, ग्रामपंचायतींच्या पाणीपुरवठ्याची आणि रस्त्यावरच्या दिव्यांची बाकी किती, मोठे थकबाकीदार कोण. हे एका पानावर मावते. राज्याच्या वीज नियामक आयोगापुढे दर ठरविताना या संस्थेला पुष्कळसा हिशेब मांडावाच लागतो. जो बंगळुरात मांडता येतो तो संकेश्वरच्या बाजारात का मांडता येऊ नये?

आणि तो कोणत्या भाषेत मांडावा, हाही प्रश्न आहेच. सीमाभागात भाषेचा विषय काढला की महाजन अहवालापासून सुरुवात होते आणि मूळ गोष्ट बाजूला पडते. त्या वादातील आमची बाजू आमच्या वाचकांना ठाऊक आहे. ती येथे पुन्हा मांडण्याचे प्रयोजन नाही. त्या तालुक्यात कन्नड वाचणारे बहुसंख्य आहेत आणि मराठी वाचणारेही आहेत. संस्था सभासदांची आहे, शासनाची नव्हे. एकाच कागदाच्या दोन बाजूंना दोन भाषा छापण्यास कोणत्याही आयोगाची वा न्यायालयाची परवानगी लागत नाही. तुटून पडलेल्या तारेला हात लावू नका, ही सूचना तर सभासदाच्या भाषेत असलीच पाहिजे; ओल्या शेतात पडलेली तार वाचकाची मातृभाषा विचारीत नाही.

संस्थेची येती वार्षिक सभा भरण्यापूर्वी असा एक कागद बिलासोबत घरोघर जावा. छपाईचा खर्च दर सभासदामागे चहाच्या एका पेल्याहूनही कमी येईल. आमच्या वीज खात्यानेही, ग्राहकाला सभासद न समजता का होईना, त्या कोपऱ्यातल्या चौकटीत आणखी दोन ओळी घालाव्यात: गेल्या महिन्यात या फिडरवर किती तास वीज नव्हती, आणि कशामुळे. चौकटीची जागा आम्ही वाढवून देऊ.