सातबारा नसलेल्यांनी कोंबड्या कुठून घ्यायच्या?



"जमीन किती आहे तुमची?" पुण्याजवळच्या एका कृषी प्रदर्शनात कुक्कुटपालनाच्या दालनात मी पाच-सहा स्टॉल फिरलो. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न हाच होता. पक्षी किती हवेत, आधी पाळलेत का, हे नंतर. जमीन नाही म्हटलं की समोरच्याचं लक्ष पुढच्या गिऱ्हाइकाकडे. जातीचं नाव कोणीही घेतलं नाही. ते घ्यावं लागत नाही. आपल्यापैकी बहुतेकांकडे जमीन का नाही, हे गावात सगळ्यांना माहीत असतं.

मी तिथं जातोय म्हटल्यावर एक कार्यकर्ता हसला होता. बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 च्या संविधान सभेतल्या भाषणात गावाची चिरफाड केली, आणि तू पोरांना पुन्हा गावात कोंबड्यांमागे धावायला सांगणार का, असं त्याचं म्हणणं. मुद्दा गंभीर आहे, म्हणून उत्तर देतो. बाबासाहेबांचा राग गावच्या मातीवर नव्हता, गावगाड्यावर होता. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी महार वतनाबाबतचं विधेयक मांडलं ते याचसाठी: राबायचं सगळ्यांसाठी आणि पोट मात्र बलुत्याच्या तुकड्यावर, ही गुलामी संपावी म्हणून. बाजारात अंडी मोजून देणं आणि रोख पैसे मोजून घेणं हे बलुतं नव्हे. शहरात जाऊ शकतात त्यांनी जावंच. पण आज जी आई, जी मावशी वस्तीत राहते, तिच्या हातात आठवड्याला चार पैसे येण्याला आपण 'मागे जाणं' म्हणणार असू, तर ती चूक आपली आहे.

आता खरेदीचं सांगतो. मी पहिल्यांदाच पक्षी विकत घेत होतो आणि नवखा माणूस करतो त्या सगळ्या चुका केल्या. कडकनाथच्या पिंजऱ्यापुढे गर्दी होती. झाबुआच्या या काळ्या कोंबडीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि 2019 मध्ये तिच्याच नावाने सांगली-कोल्हापूरकडच्या शेतकऱ्यांची गुंतवणूक बुडाल्याचं प्रकरण बाहेर आलं. हे ठाऊक असल्यामुळे 'पक्षी घ्या, अंडी आम्हीच परत घेतो' असं सांगणाऱ्या स्टॉलवरून मी सरळ पुढे निघालो. तेवढी एक अक्कल दाखवली. गिरीराजची तीन आठवड्यांची 20 पिल्लं घेतली, आणि ती घेताना पाहिलं काय, तर रंग! लसीकरणाची नोंद मागितली नाही. डोळे पाणावलेत का, नाक वाहतंय का, मागची पिसं विष्ठेने चिकटलीत का, छातीचं हाड हाताला टोचतंय का, यातलं काहीच तपासलं नाही.

सर्वात मोठी चूक सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या वस्तीत, घरी आल्यावर झाली. रात्र झाली होती, दुसरी जागा नव्हती, म्हणून पिल्लांचा खोका आईच्या खुराड्यातच रिकामा केला. आईच्या नऊ गावरान कोंबड्या होत्या. दहा दिवसांत हिरवी हगवण, लुळे पंख, वाकड्या माना. मानमोडी, म्हणजेच राणीखेत. नऊपैकी सात गेल्या, नव्यांपैकी चार. रोग बाहेरून आला की आधीच वस्तीत होता, हे आता सिद्ध करता येणार नाही. लस घेतलेला पक्षी स्वतः धडधाकट दिसूनही विषाणू पसरवू शकतो, आणि नवे पक्षी किमान दोन-तीन आठवडे वेगळे ठेवायचे असतात, हे मला नंतर कळलं. आई काही बोलली नाही. सात कोंबड्या म्हणजे तिचा बाजारहाट होता.

हे सगळं रडगाणं सांगण्यासाठी लिहीत नाही. लस आणायला गेलो तेव्हा खरी गोष्ट समजली. लासोटाची सर्वात लहान बाटली मिळाली ती 100 डोसची. दोन ते आठ अंश तापमानात, बर्फात ठेवून न्यायची आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवायची. दहा कोंबड्या असलेल्या बाईने उरलेल्या 90 डोसांचं काय करायचं? म्हणून ती लस आणतच नाही, आणि दरवर्षी मानमोडीत खुराडी रिकामी होतात. आपण म्हणतो नशीब. ज्याच्याकडे हजार पक्ष्यांची शेड आहे त्याला हा प्रश्न कधी पडतच नाही.

सरकारी योजनेचंही तसंच. 1000 मांसल पक्ष्यांच्या राज्य योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला 50 टक्के आणि अनुसूचित जातीच्या लाभार्थ्याला 75 टक्के अनुदान आहे. ऐकायला छान. पण अर्जाला सातबारा आणि आठ-अ लागतो. तो नसेल तर कुटुंबातल्या खातेदाराचं संमतिपत्र किंवा दुसऱ्याच्या जमिनीचा भाडेकरार. आता आमच्या वस्तीतल्या पोराला शेडसाठी भाडेकरार करून कोण देणार, हे मी सांगायची गरज नाही. 75 टक्के कागदावर राहतात. (आणि हो, शाळेच्या पोषण आहारातल्या अंड्याचा निधी याच राज्याने जानेवारी 2025 मध्ये बंद केला. अंडं विकायचं कोणी आणि खायचं कोणी, दोन्ही तेच ठरवणार!)

1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करून सामूहिक शेतीची मागणी केली. भूमिहीनाला एकेकट्याने तुकडा देऊन भागणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. ती लढाई अपुरी आहे आणि ती सोडायची नाही. गायरान आणि गावठाणातली जागा बचत गटांना सामूहिक शेडसाठी मिळाली पाहिजे आणि अर्जात सातबाराऐवजी तो ठराव चालला पाहिजे, ही मागणी प्रत्येक ग्रामसभेत लेखी द्या. तोंडी देऊ नका, पोचपावती घ्या.

पण शेड मिळेपर्यंत मानमोडी थांबणार नाही. म्हणून आम्ही गेल्या महिन्यात एक काम केलं. विहाराच्या ओट्यावर रविवारी सकाळी सात वाजता बारा घरांतल्या बायका डालग्यांत कोंबड्या घेऊन आल्या. बर्फाच्या थर्मासमधून लस आणली, पशुधन पर्यवेक्षकाने दाखवलं तसं प्रत्येकीच्या डोळ्यात एक थेंब. मोजले तर 87 पक्षी. बाटलीचा खर्च बारा घरांत वाटून प्रत्येकी चहाच्या कपाइतकासुद्धा आला नाही. आईच्या दोन कोंबड्याही रांगेत होत्या.

पुढच्या प्रदर्शनाला एकटा जाणार नाही. टेम्पो ठरवलाय, आठ जण जातोय, त्यात पाच बायका. जमीन किती म्हणून विचारलं, तर आई म्हणाली, आधी तुमचा लसीचा कागद दाखवा म्हणायचं.